जरीचं सोनं

माझ्या साखरपुड्याची अंगठी कधी गोल राहिलीच नाही. भरलेली बादली उचलली की ती एका बाजूने चपटी व्हायची, बसच्या दांड्याला घट्ट धरलं की लांबट. मग मी ती बोटातून काढून लाटण्याच्या मुठीवर चढवायची आणि हळूहळू दाबत पुन्हा गोल करायची. खडा नाही, नक्षी नाही, नुसतं साधं पिवळं वळं. आतल्या बाजूला कसला शिक्काही नाही. जवळजवळ तीस वर्षं मी ती अशीच वापरली.

तिचं वाकणं पहिल्यांदा उघड झालं ते साखरपुड्याच्या दिवशीच, आणि तेही सगळ्यांच्या देखत. माझी आई मी शाळेत असतानाच गेली. मला वाढवलं, शिकवलं, माझ्यासाठी स्थळं बघितली ती आत्याने. आत्याच्या सासरी बऱ्हाणपुरात किराण्याचा मोठा व्यापार होता. गव्हाचा दाणा असो की साडीचा पोत, बोटांनी चाचपल्याशिवाय ती कशालाच हो म्हणायची नाही. होणाऱ्या सासूबाईंनी तबकात अंगठी ठेवली तेव्हा आत्याने ती उचलली, अंगठा आणि तर्जनीत धरली आणि दाबली. अंगठी वाकली.

माजघरातल्या बायका पुढे सरकल्या. आत्याने विचारलं की ही कुठून घडवली. सासूबाईंनी सरळ सांगितलं, "माझ्या वडिलांच्या जरीचं सोनं आहे."

त्यांचे वडील तार ओढणारे कारागीर होते. चांदीच्या कांबीवर सोन्याचा पातळ पत्रा चढवायचा, ती कांब एकाहून एक बारीक छिद्रांतून ओढत न्यायची आणि शेवटी केसासारखी तार करायची, हे त्यांचं काम. त्या तारेची जरी व्हायची आणि शालूंच्या पदरावर जायची. ही गोष्ट आमच्या गावात नवीन नव्हती. पण आत्याने अंगठी तबकात परत ठेवली आणि म्हणाली, जरीत सोनं असतं ते वरून दाखवण्यापुरतं. कोणीतरी हसलं. सासूबाईंनी अंगठी उचलली, बोटांनी दाबून जमेल तेवढी गोल केली आणि आपल्या मुलाच्या हातात दिली. त्याने ती माझ्या बोटात घातली. सासूबाईंचे कान लाल झाले होते, हे मला अजून आठवतं.

त्या दिवसापासून माझ्या माहेरच्या माणसांत तिचं नाव 'जरीची अंगठी' पडलं. आत्या वाईट बाई नव्हती. माझ्या बाळंतपणात महिनाभर माझ्यापाशी राहिली, माझ्या शाळेतल्या नोकरीसाठी माझ्या भावांशी भांडली. मुलगा झाला तेव्हा तिने मला खड्याची अंगठी केली आणि म्हणाली की ही घाल आणि ती काढून ठेव. मी काही दिवस दोन्ही घातल्या. मग खड्यात पीठ अडकतं असं निमित्त काढून आत्याची पेटीत ठेवली. जरीची बोटात राहिली, कारण सासूबाई रोज समोर असायच्या. त्यांचे यजमान लवकर गेले होते आणि घरी शिवणाचा क्लास चालवून त्यांनी एकट्याने मुलाला शिकवलं होतं. त्यांनी दिलेली एकच वस्तू मी काढून ठेवली असती तर त्या बोलल्या नसत्या, पण त्यांनी बघितलं असतं.

आणि तपासून घ्यायची? ते तर माझ्या मनातही आणायचं नाही असं मी ठरवलं होतं. सराफ्यातून जाता-येता कितीदा वाटायचं की दोन मिनिटं थांबावं, विचारावं. पण खोटी निघाली तर त्यांच्यासमोर माझा चेहरा मला लपवता आला नसता. आणि खरी निघाली असती तरी आपण तपासायला गेलो म्हणजे शंका घेतलीच. माझ्या यजमानांना एकदा विचारलं तर ते म्हणाले, "असली असो नकली असो, तू घालते ना, बस." ते कचेरीत नोकरीला. दिवसभर लोकांची भांडणं ऐकून आलेल्या माणसाला घरात आणखी एक प्रकरण नको असायचं.

गेल्या वर्षी मुलाचं लग्न जमलं. मुलगी देडतलाईकडची. वडिलांची केळी आणि कापूस आणि ती स्वतः केळीची रोपं तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला. मुलगा इंदूरला असतो, पण दोघांची ओळख आधीपासूनची होती, त्यामुळे आम्ही फक्त मान डोलवायची होती. साखरपुड्याआधी ती एकदा घरी आली. चहाच्या कपबश्या आवरताना तिची नजर माझ्या बोटाकडे गेली. मी अंगठीची गोष्ट सांगितली, म्हणजे चांगला भाग सांगितला, सासूबाईंच्या वडिलांचा, तारेचा. ती ऐकत होती. मग म्हणाली की काकू, मी दिवसभर हातमोजे घालते, खडा असला की हातमोजा फाटतो. नवीन अंगठी करायच्या ऐवजी मला हीच मिळाली तर?

आतल्या खोलीत सासूबाई बसल्या होत्या. मी तिला म्हटलं की आजींना विचारते.

विचारायची वेळच आली नाही, कारण त्याआधी आत्या आली. आता तिला चालताना काठी लागते, पण तिच्या जिभेला कशाचाच आधार लागत नाही. साखरपुड्याला काय काय द्यायचं ते बोलणं चाललं होतं. मुलीने कोणती अंगठी मागितली ते मी सांगितलं. आत्याने कपाळावर हात मारला नाही, आवाजही चढवला नाही. ती शांतपणे म्हणाली, "पोरी, तू सोसलंस ते सोसलंस. त्या मुलीकडचे लोक शेतकरी आहेत, भोळे नाहीत. उद्या त्यांनी सोनाराला दाखवली तर तुझ्या मुलाचं हसं होईल."

ती माझ्या भल्याचंच बोलत होती, हेच जास्त अवघड होतं. जाताना तिने मला सांगितलं की दुकानातून एक हलकी अंगठी घे, शिक्क्याची, आणि विषय संपव.

स्वयंपाकघर आणि आतली खोली यांच्यामध्ये नुसता पडदा आहे. सासूबाईंनी शब्दन् शब्द ऐकला होता. पण संध्याकाळी त्या नेहमीसारख्या जेवल्या, औषध घेतलं, झोपल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून बाहेर आले तर त्या दारापाशी खुर्चीत बसलेल्या. हिरवी इरकली नेसलेली, केस विंचरलेले, चपला घातलेल्या, मांडीवर पिशवी. लग्नकार्याला निघाल्यासारखी तयारी. मला म्हणाल्या की आज शाळेत रजा टाक, ऑटो बोलाव. मी विचारलं कुठे जायचंय. त्या म्हणाल्या, "अंगठी तपासायची. आणि दुकानदाराच्या तोंडाने नाही. कागदावर लिहून पाहिजे, सही-शिक्क्याने."

मी त्यांना आईच म्हणते. म्हटलं, आई, काही गरज नाही, मला शंका नाही. त्या म्हणाल्या की तुला नसेल. ऑटो बोलाव.

आधी आम्ही सराफ्यातल्या आमच्या ओळखीच्या दुकानात गेलो. मालक सभ्य माणूस. आईंना खुर्ची दिली, पाणी दिलं. अंगठी हातात घेतली, आत शिक्का शोधला, मग त्याने तेच केलं जे आत्याने केलं होतं. दोन बोटांत दाबली. अंगठी वाकली. त्याने ती काचेवर ठेवली आणि समजुतीच्या स्वरात सांगू लागला की आजी, पूर्वीचे लोक असं मिसळून द्यायचे, तुमची काही चूक नाही, नवी घ्या, हिची जी काय किंमत होईल ती वजा करून देतो.

आईंनी विचारलं, "तपासली का तुम्ही?"

तो म्हणाला की इतक्या वर्षांच्या अनुभवाने हाताला कळतं.

"हाताला तर आमच्या आत्याबाईंना पण कळतं," आई म्हणाल्या आणि पिशवी उचलून उभ्या राहिल्या. मग त्यालाच त्यांनी विचारलं की मशीनवर तपासून लिहून देणारा माणूस गावात कुठे बसतो. त्याने बिचाऱ्याने पत्ता सांगितला. आमच्या शाळेतल्या एका मैत्रिणीने कर्जासाठी दागिने दाखवले होते ती जागा हीच, हे मला तेव्हा लक्षात आलं.

जागा पहिल्या मजल्यावर होती. जिना अरुंद, आणि आईंचे गुडघे दुखतात. मी म्हटलं की मी एकटी वर जाऊन दाखवते, तुम्ही खाली बसा. त्यांनी कठड्याला धरलं आणि चढायला लागल्या. मध्ये थांबल्या, श्वास घेतला, पुन्हा चढल्या. मी मागून चालले होते. बोटातून अंगठी काढून मी मुठीत धरली होती. मला मनापासून वाटत होतं की वरचं दार बंद असावं.

दार उघडं होतं. आत पस्तिशीची एक बाई होती, सरकारमान्य मूल्यांकनकार, भिंतीवर तिचं प्रमाणपत्र लावलेलं. खंडव्याची होती, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलायची. टेबलावर एक पेटीसारखं मशीन आणि बाजूला काचेच्या कपाटात नाजूक तराजू. तिने आम्हाला बसवलं आणि काय तपासायचं ते विचारलं. मी मूठ उघडणार इतक्यात आईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"आधी हे बघा," असं म्हणून त्यांनी आपल्या कानातल्या मोत्याच्या कुड्या काढल्या आणि टेबलावर ठेवल्या.

मी चकित झाले. त्या कुड्या मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्या कानात बघत होते. बाईंनी एक कुडी उचलली, भिंगातून बघितली, मागची बाजू मशीनमध्ये ठेवली. पडद्यावर आकडे आले. ती थोडी अवघडली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "माताजी, यह तो पीतल है. वरून सोन्याचं पाणी दिलेलं आहे. आणि मोती पण असली नाहीत. माफ करा."

मला वाटलं, उठावं, आईंना हाताला धरून खाली न्यावं, अंगठी बाहेर काढूच नये. आईंनी मात्र कुड्या शांतपणे पुन्हा कानात घातल्या. एक फिरकी बसेना म्हणून माझ्याकडे कान केला. मी ती लावली. मग त्या मूल्यांकन करणाऱ्या बाईला म्हणाल्या, "मला माहीत आहे. हिच्या सासऱ्यांनी जत्रेतून आणल्या होत्या. तुमचं मशीन खरं बोलतं का, तेवढं बघायचं होतं. आता अंगठी ठेवा."

ती बाई इतकी मोकळी हसली की मलाही हसू आलं. तिने माझ्या हातातून अंगठी घेतली, मऊ कापडाने पुसली, मशीनमध्ये ठेवली आणि झाकण लावलं.

आकडे आले. तिने ते वाचले, अंगठी काढली, उलटी केली आणि पुन्हा ठेवली. पुन्हा आकडे आले. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. भुवया वर गेल्या होत्या, पण त्याचा अर्थ मला लावता येईना. तिने सांगितलं की मशीन फक्त वरचा थर बघतं, आतलं कळायला अंगठी पाण्यात तोलावी लागेल. आई लगेच म्हणाल्या की आतलं बघाच. मग तिने ती आधी हवेत तोलली, मग बारीक तारेला टांगून पाण्यात तोलली, कागदावर काही गणित केलं. आई सरळ बसल्या होत्या, पण पदराचं टोक त्यांनी बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं. ते बघून मला पहिल्यांदाच कळलं की त्याही घाबरल्या आहेत.

बाईने पेन खाली ठेवलं. "माताजी, ही कोणी घडवली?"

आई म्हणाल्या की इथल्याच एका म्हाताऱ्या सोनाराने. तो आता नाही.

"हजारात नऊशे चौऱ्याण्णव," ती म्हणाली. "बाहेर तेच, आत तेच. बाजारात इतक्या शुद्ध सोन्याची अंगठी कोणी करतच नाही. सोनं इतकं शुद्ध असलं की मऊ असतं, म्हणून त्यात तांबं-चांदी मिसळतात, मग ते कडक होतं. ह्यात कोणी काही मिसळलंच नाही. म्हणून ती वाकते."

मी पुन्हा विचारलं, कारण मला नीट ऐकायचं होतं. वाकते म्हणून खोटी नाही?

"वाकते कारण खरी आहे, मॅडम."

मी आईंकडे बघितलं. त्यांनी बोटाला गुंडाळलेला पदर सोडला. डोळे भरले नाहीत, काही नाही. त्या खुर्चीत मागे टेकल्या, जिना चढून आल्यानंतर पहिल्यांदा, आणि म्हणाल्या, "लिहून द्या. मोठ्या अक्षरात."

कागद तयार व्हायला थोडा वेळ लागला. अंगठीचा फोटो, वजन, शुद्धता, किंमत, खाली तिची सही आणि गोल शिक्का. किंमतीच्या ओळीकडे आईंनी बघितलंही नाही. त्यांनी बोट ठेवून शुद्धतेची ओळ दोनदा वाचली. बाईने विचारलं की थोडं तांबं घालून पुन्हा घडवून घ्यायची का, म्हणजे आकार टिकेल. आई म्हणाल्या की ते जी घालेल ती ठरवेल. जिना उतरताना त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून उतरल्या, पण चढतानापेक्षा भरभर.

खाली आल्यावर त्यांना मावा जिलेबी खायची होती. डॉक्टरांनी साखर बंद केली आहे, हे मी म्हटलं नाही. दुकानातल्या बाकावर आम्ही दोघी बसलो. त्यांनी पहिला घास घेतला आणि मग हळूहळू बोलायला लागल्या. इतक्या वर्षांत त्यांनी मला त्यांच्या वडिलांबद्दल एवढं कधी सांगितलं नव्हतं.

जरीचा धंदा बसत गेला तसं वडिलांचं तार ओढण्याचं काम सुटलं. मग ते जुनी, विटलेली जरी विकत घ्यायला लागले. फाटक्या शालूंचे पदर, पागोट्यांचे काठ. ती जरी जाळायची, राखेतून धातू गोळा करायचा, तेजाबाने सोनं वेगळं करायचं आणि व्यापाऱ्याला विकायचं. दर खेपेला ते मोहरीएवढा एखादा कण मुलीच्या नावाने बाजूला ठेवायचे. अशा कितीतरी वर्षांच्या कणांची एक गोळी झाली. ती त्यांनी मुलीला लग्नात दिली. त्यांचे यजमान गेले, हातात पैसे नव्हते, तरी आईंनी ती गोळी मोडली नाही. मुलाचं लग्न ठरल्यावर सोनाराकडे नेली आणि सांगितलं की ह्यात दुसरं काही मिसळू नको, हे जसं आहे तसंच राहू दे.

"तो म्हणाला होता की मऊ राहील," आई म्हणाल्या. "मला वाटलं, चांगलंच आहे, सुनेच्या बोटाला टोचणार नाही."

मी हसले, त्याही हसल्या. मग त्यांनी हात पुसले आणि म्हणाल्या की मऊ म्हणजे नुसत्या दोन बोटांनी वाकेल एवढी, हे मला कुठे ठाऊक होतं. त्या दिवशी आत्याबाईंनी अंगठी दाबली, ती वाकली, तेव्हा माझ्या मनात आलं की सोनाराने सोनं बदललं. बापाच्या घामाचं सोनं त्याने ठेवून घेतलं आणि मला काहीतरी भलतंच दिलं. सोनाराला विचारायला तोंड नव्हतं, कारण पुरावा नव्हता. आणि तुला सांगायचं म्हणजे तुझ्या बोटातली वस्तू खोटी आहे हे मीच सांगायचं.

मी त्यांना विचारलं, मग तपासली का नाही कधी?

"ती तुझ्या बोटात होती. तू कधी काढली नाहीस, कधी तपासली नाहीस. मला वाटायचं, हिला माहीत आहे खोटी आहे ते, आणि माझी अब्रू राखायला ती घालते."

मी सांगितलं की मला वाटायचं, तपासली तर तुम्हाला लागेल. आम्ही दोघी एका घरात, एका चुलीवर, एकमेकींना दुखवायचं नाही म्हणून इतकी वर्षं गप्प बसलो होतो, आणि अंगठी बिचारी पहिल्या दिवसापासून खरंच सांगत होती. मला रडू यायला लागलं. आईंनी माझ्या पाठीवर हात फिरवला, मग म्हणाल्या की काल आत्याबाई बोलल्या ते बरं झालं. माझ्यापुरती शंका मी मरेपर्यंत ठेवली असती. नातसुनेच्या बोटात शंका घालायची नाही.

मग त्यांनी अजून एक जिलेबी मागवली.

घरी यजमानांना कागद दाखवला. त्यांनी तो चष्मा लावून वाचला, पुन्हा वाचला, आणि आईच्या पायाशी जमिनीवर जाऊन बसले. मुलाला फोन केला तेव्हा त्याने तिकडून विचारलं की मग आता सगळ्यांना सांगायचं का. मला वाटलं, आई म्हणतील की जाऊ दे, आपल्याला माहीत आहे तेवढं पुरे. तशाच त्या आहेत असं मी इतकी वर्षं समजत होते.

"सांगायचं म्हणजे?" आई म्हणाल्या. "वाचून दाखवायचं."

साखरपुडा आमच्याच कॉलनीतल्या सभागृहात झाला. देडतलाईहून मुलीकडचे आले, धूलकोटहून यजमानांचे चुलत भाऊ आले, माझ्या माहेरचे सगळे आले. आत्या पहिल्या रांगेत, काठी मांडीवर आडवी. पूजा झाली, ओटी भरली, मुलीच्या वडिलांनी मुलाला अंगठी घातली. मग आई उभ्या राहिल्या. कागदावर त्यांनी प्लास्टिक चढवून आणलं होतं, पाण्याने खराब होऊ नये म्हणून. तो त्यांनी आत्याच्या हातात दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आत्याबाई, माझा चष्मा घरी राहिला. तुम्ही वाचा."

आईंचा चष्मा त्यांच्या गळ्यात लटकत होता. तो सगळ्यांना दिसत होता.

आत्या व्यापाऱ्याच्या घरातली, कागद वाचायला ती कधी कचरली नाही. तिने मोठ्याने सुरुवात केली. पिवळ्या धातूची अंगठी, खडा नाही, शिक्का नाही. इथपर्यंत तिचा आवाज खणखणीत होता. मग ती शुद्धतेच्या ओळीवर आली आणि थांबली. सभागृहात सगळे तिच्याकडे बघत होते. तिने ती ओळ मनात वाचली, मग मान वर केली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली, या वेळी न थांबता, शेवटच्या आकड्यापर्यंत, आधीपेक्षा मोठ्या आवाजात. माझ्या आत्याचं हे मला आवडतं. हरली तरी ती स्पष्ट हरते.

माझे भाऊ एकमेकांकडे बघायला लागले. त्यांच्यातल्याच एकाने सर्वांत आधी टाळी वाजवली.

आत्याने कागद आईंना परत दिला आणि म्हणाली, "विहीणबाई, मी तेव्हा दाबून बघितली होती."

"तुमची बोटं बरोबर होती," आई म्हणाल्या.

आत्याने हात पुढे केला. आईंनी तिच्या तळव्यावर अंगठी ठेवली. ती दाबून बघेल असं सगळ्यांना वाटलं, पण तिने दाबली नाही. तिने ती कपाळाला लावली, मुलाला जवळ बोलावलं आणि त्याच्या हातात दिली. मुलाने ती मुलीच्या बोटात घातली. जरा सैल झाली. मुलीने स्वतःच बोटात धरून हलकेच दाबली आणि ती बरोबर बसली. तिच्या गावाकडच्या बायकांना हे इतकं आवडलं की एकेक जण येऊन तिचा हात हातात घेऊन बघू लागली. तांबं मिसळायचं का, हे मी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, नको.

जेवताना आई आणि आत्या शेजारी बसल्या. आईंनी वरणभात कमी आणि तुपातला गोड दराबा जास्त खाल्ला. आत्या त्यांच्या कानाशी लागून काहीतरी विचारत होती. मला वाटलं, माफी मागते आहे. नंतर कळलं की ती मशीनचा पत्ता विचारत होती. तिच्या हातात सासरकडून आलेल्या चार पाटल्या आहेत, जाडजूड, कितीही दाबल्या तरी वाकत नाहीत, आणि तिला त्यांचा फार अभिमान.

पुढच्या सोमवारी दोघी एका ऑटोत बसून सराफ्याकडे गेल्या. मला बरोबर घेतलं नाही. आत्याला तो जिना कसा चढवला देव जाणे. दुपारी परत आल्या तेव्हा आत्याच्या हातात पाटल्या होत्या आणि दोघी कुठल्या तरी जुन्या ओळखीच्या बाईबद्दल गप्पा मारत होत्या. मी पाणी दिलं आणि विचारलं की काय निघालं.

आत्या पाणी प्यायली. आई म्हणाल्या, "त्यांचं त्यांना माहीत. तू चहा टाक, आलं घालून."